खंडेनवमीला बंद केलेलं मशीन

सुनेनं आमच्या घरातलं एक मशीन सहा दिवस सलग चालू ठेवलं होतं, ते कधी अडकतंय याची वाट बघत. आणि ते अडकलं, तेव्हा मी ते बंद करून त्याला हळद-कुंकू लावलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्याविषयी कुणाचा गैरसमज नको.

सून माझी भोंगवलीची. लग्नाआधी पुण्यात नोकरी करायची, आता भोरला आमच्या घरी वरच्या खोलीत बसून तेच काम करते. मी सातवी शिकलेली. पण कॉम्प्युटर मी माझी मी शिकले, क्लास नाही की काही नाही. लेकाचा जुना कॉम्प्युटर खालच्या खोलीत धूळ खात पडला होता. त्यावर आधी पत्ते खेळायला शिकले, मग मराठी टाइप करायला, मग घरचे फोटो आणि व्हिडिओ नीट लावून ठेवायला. इंग्रजी अक्षरं जोडून वाचते. अर्थ लागला नाही तर सुनेला विचारते. ती सांगायला कंटाळत नाही आणि मी विचारायची थांबत नाही, असं आमचं चाललेलं असतं.

नवीन नवीन होती तेव्हाच मी विचारलं होतं, "तू नेमकं करतेस काय गं?"

"आई, कॉम्प्युटरच्या आत एक कारभारी असतो. त्याला कर्नेल म्हणतात. मेमरी म्हणजे आतली जागा. ती कुणाला किती द्यायची, भरली की कुणाची रिकामी करून घ्यायची, हे सगळं तो बघतो. त्या जागेच्या कारभारात माझं काम."

"म्हणजे तू कारभाऱ्याची कारभारीण."

"तसंच समजा," म्हणाली आणि हसली.

हा कारभारी जगभरातली माणसं मिळून लिहितात. एकानं लिहिलेलं दुसरे तपासतात, चुका काढतात, भांडतात, मग कुठं ते आत जातं. सुनेनं दीड वर्ष खपून जागेची झाडलोट लवकर व्हावी असा एक बदल केला होता. तो सगळ्यांना पटला, आत घेतला गेला. मी तेव्हा शिरा केला होता. आणि नवरात्राच्या तोंडावर परदेशातल्या कुणा माणसाचा निरोप आला, की तुमच्या बदलापासून माझं मशीन अधूनमधून गोठतंय. कधी गोठतं, कशानं गोठतं, त्याला सांगता येईना. त्या भागावर देखरेख करणारे जे गृहस्थ आहेत त्यांनी लिहिलं, दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर बदल काढून टाकावा लागेल. दीड वर्षाचं काम, आणि काढायला म्हणे एक मिनिट पुरतं.

त्या माणसाचं मशीन जुनं होतं, म्हणून सुनेनं माझाच जुना कॉम्प्युटर चाचणीला लावला. माझे व्हिडिओ होते तसेच राहू दिले. पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली, "चाचणी चालू आहे. बंद करू नये." दर तासाला ते मशीन तिच्या मोबाईलवर आपलं आपण कळवायचं, की मी ठीक आहे. तिला नको होतं ते ठीक असायला. पण हे मला तेव्हा कुठं माहीत?

अष्टमीला सकाळी सून आणि लेक भोंगवलीला गेले, तिच्या माहेरी कुळाचार असतो. त्याच दिवशी पालीहून माझी धाकटी बहीण आली. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव. गडावर जाणाऱ्या पोरांना जेवण करून घालते ती, तिच्या दोन सुना हाताखाली. आली तशी पिशवीतून एक जुना पेनड्राइव काढला.

"आक्के, ह्या काडीत मला माज्या नातीच्या बारशाचं सगळं भरून दे. टीव्हीला लावून बघती. तुज्याकडं हायेत म्हणं समदे."

मी चिठ्ठीकडं बघितलं. चिठ्ठीत बंद करू नये असं होतं. काडी लावू नये असं कुठं होतं? लावली. बारशाचे, वाढदिवसाचे, भोंडल्याचे, सगळे व्हिडिओ उचलून टाकले त्यात. पडद्यावर ती हिरवी पट्टी सरकायला लागली. सरकता सरकता अर्ध्यावर गेली आणि थांबली. वाट बघितली, चहा झाला, जेवणं झाली. पट्टी तिथंच. बाणसुद्धा हलेना.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बहिणीला पहिली एसटी गाठायची होती.

"झालं का गं तुजं?"

"नाही. तिथंच आहे कालपासून."

"मंग काडीच मेली आसंल. दे हिकडं, जेवडं आलं तेवडं बघती."

आता बघा, खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं हरेक हत्यार धुऊन पुसून पुजायचं. कोयते, विळे, कुऱ्हाड, लेकाचे पाने, माझं शिलाई मशीन, मिक्सर. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्याला विश्रांती. आणि हे मशीन तर आपलं आपण थांबलेलं. मला वाटलं चाचणी संपली. बटण दाबून धरलं, बंद केलं, काडी उपसून बहिणीला दिली. मग ओल्या फडक्यानं त्याची सहा दिवसांची धूळ पुसली, पाटावर कोयत्यांच्या शेजारी मांडलं, हळद-कुंकू लावलं आणि वर झेंडूचं टपोरं फूल ठेवलं. काय शोभून दिसत होतं म्हणून सांगू.

सुनेनं सकाळपासून दोनदा फोन केला होता. मी मागच्या दारी नळाखाली कोयते घासत होते, मोबाईल आत देवापाशी.

दुपारी गाडी थांबली. ती चपला न काढताच आत आली.

"आई, मशीन काल दुपारपासून कळवत नाहीये! आधी वाटलं रेंज नाही. पण नाही, अडकलंय ते! नक्की अडकलंय!" तोंडावर नुसता आनंद.

आणि मग तिनं पाट बघितला.

ती तशीच खाली बसली, कुऱ्हाडीच्या शेजारी.

"हे कुणी बंद केलं?"

"मी. आज हत्यार चालवत नाहीत ना. आणि ते थांबलंच होतं गं आधीचं."

"थांबलं होतं म्हणूनच बंद करायचं नव्हतं, आई." तिचा आवाज चढला नाही, तेच मला लागलं. "पंचनामा व्हायच्या आधी कुणी जागेवरची वस्तू हलवतं का? गोठलेल्या मशीनला विचारता येतं, आत कोण कुणासाठी थांबलंय म्हणून. ते सगळं मेमरीत असतं. बंद केलं की मेमरी कोरी."

लेक म्हणाला, "जाऊ दे, आईला काय माहीत." ती म्हणाली, "हो, मीच नीट सांगायला हवं होतं." आणि हे ऐकल्यावर मला काडीचं सांगायचा धीरच झाला नाही. एक चूक पदरात होतीच, आता दुसरी कशाला, असं वाटलं. शिवाय बहिणीवर बोल आला असता.

तिनं फूल अलगद उचलून बाजूला ठेवलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आई, आता चालू करू का? की उद्यापर्यंत थांबायला पाहिजे?"

"कर बाई. देवाला मी सांगते."

दसऱ्याच्या दिवशी दुपारपर्यंत मशीन सुरळीत चालत होतं. एरवी आपण सुरळीत चाललंय म्हणून खूश असतो, आणि इथं मी मनात म्हणत होते, अडक रे बाबा एकदाचं. सून स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभी राहिली. मी पुरण वाटत होते.

"कळतच नाही," ती म्हणाली, मला म्हणाली की स्वतःला, देव जाणे. "चाचणी तीच, मशीन तेच. सहा दिवसांत अडकलं नाही ते अष्टमीला कसं अडकलं? त्या दिवशी वेगळं काय झालं?"

मी पुरणाच्या हातानंच म्हटलं, "काडी लावली होती."

"कसली काडी?"

"पेनड्राइव. मावशीचा. बारशाचे व्हिडिओ टाकत होते. निम्म्यावर पट्टी थांबली."

ती एकदम माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"पेनड्राइव जुना होता? हळू चालत होता?"

"हळू? एक व्हिडिओ जायला कुकरच्या तीन शिट्ट्या!"

"आई!" तिनं माझे दोन्ही दंड धरले. "कालच का नाही सांगितलं?"

"लाज वाटली गं."

तिनं मला तिथंच, पुरणासकट, सांगितलं. आपण पेनड्राइवमध्ये काही टाकतो ना, ते लगेच तिथं लिहिलं जात नाही. कारभारी ते आधी मेमरीत ठेवून घेतो आणि सावकाश लिहीत बसतो. काडी मंद असली की लिहायचं राहिलेलं साठत जातं आणि जागा भरून जाते. तिची चाचणी जागा भरायची खरी, पण अशी न लिहिलेल्या ओझ्यानं कधीच भरली नव्हती.

घरात नवीन पेनड्राइव होता. तो लावून बघितला. चार मिनिटांत सगळे व्हिडिओ गेले, मशीनला काही झालं नाही. मंद काडीच हवी होती, आणि ती पालीला. बहिणीला फोन लावला.

"हाय की. टीव्हीच्या खिळ्याला लटकीवलीया. त्यात काय बी दिसत न्हाई."

"आम्ही येतोय न्यायला."

"सणाचं? काडीसाठी? आक्के, सरळ सांग की माज्या हातची पोळी खायाला येतीया!"

सोनं द्यायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी लेकाला घरी ठेवलं आणि आम्ही दोघी स्कूटरवरून निघालो. नवं लुगडं नेसून, पदर खोचून मी मागं. नसरापूरच्या पुढं सगळ्या गाड्या झेंडूचे हार घालून चाललेल्या, ट्रॅक्टरसुद्धा. दोन्ही बाजूला भात पोटरीला आलेलं. चाळीसेक किलोमीटर गेलो असू, पण सून वाटेत एक शब्द बोलली नाही. विचारात असली की ती अशीच गाडी चालवते, म्हणून मी गुपचूप तिच्या खांद्याला घट्ट धरून होते.

बहिणीकडं ट्रेकवाल्या पोरांची पंगत बसलेली. बिनजेवता ती सोडणार थोडीच? काडी तिनं आधी पदरात बांधून घेतली. "खा, मग देती." सुनेला विचारलं, "काय बिघाडलंय एवडं?"

सून म्हणाली, "मावशी, आत दोन कामं एकाच वेळी चालू असतात. प्रत्येकाला दोन वस्तू लागतात. एकानं एक धरली, दुसऱ्यानं दुसरी. आता पहिला म्हणतो तुझी दे, दुसरा म्हणतो तुझी दे. कुणी सोडत नाही. जन्मभर तसेच."

"म्हंजी आमच्या ह्या दोघी!" बहीण टाळी देऊन हसली. "येकीनं पोळपाट धरला, दुसरीनं लाटणं, आन बसल्या येकमेकीच्या तोंडाकडं बघत. भायेर पोरं उपाशी."

चुलीपासून तिची थोरली सून ओरडली, "आत्याबाई, एकदा झालं हुतं ते! किती वर्सं सांगताय?"

"एकदाच झालं, कारन म्या नेम घालून दिला. पयला पोळपाट घ्यायाचा. जिच्याकडं पोळपाट न्हाई तिनं लाटण्याला शिवायचं न्हाई."

सुनेचा घास हातात राहिला. "आमच्याकडंही हाच नेम आहे, मावशी. वस्तू धरणाऱ्यानं तिला कुलूप घालायचं असतं. कुठलं कुलूप आधी घ्यायचं, कुठलं नंतर, सगळं पायरीपायरीनं फायलीच्या डोक्यावरच लिहून ठेवलंय."

"मंग लिवलेलं आसून बी तुमी अडाकता?"

मला हसू आवरेना. सूनही हसली, नवरात्रात पहिल्यांदाच बहुतेक. "अडकतो. कारण एखादी वाट लिहिताना कुणाच्या डोक्यातच आलेली नसते."

दिवेलागणीला घरी पोचलो. तिनं चाचणी चालू केली आणि काडी माझ्याच हातात दिली. "अष्टमीला जसं केलं होतं तसंच्या तसं करा. काही सुधारू नका." मी तेच व्हिडिओ, त्याच क्रमानं उचलून टाकले. पट्टी सरकायला लागली. आम्ही तिघं त्या पट्टीकडं बघत बसलो. निम्म्याच्या जरा पुढं गेली, रेंगाळली, थांबली. सुनेनं माउस हलवून बघितला. बाण जागचा हलला नाही.

"अडकलं!"

लेकानं टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. बिघडलेल्या मशीनपुढं कुणी इतकं आनंदलेलं मी बघितलेलं नाही. "आता हिच्याकडून पंचनामा होईपर्यंत कुणी जवळ जायचं नाही," मीच दटावलं, आणि लेक म्हणाला, "आई, हे तू सांगतेस?"

तिनं केबल जोडून लॅपटॉपवरून त्या गोठलेल्या मशीनला विचारलं. पडदा भरून इंग्रजी ओळी वाहत गेल्या. ती एकेक वाचत वर वर गेली आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं.

"हा बघा, आई. हा व्हिडिओ टाकणारा. फाईलचं कुलूप याच्या हातात. यानं जागा मागितली. जागा शिल्लक नाही. अशा वेळी मागणाऱ्याच्याच हातात केरसुणी देतात, की बाबा, तूच झाडून घे. झाडायला गेला तर तिथं मी घातलेलं नवीन कुलूप. ते धरलंय या दुसऱ्यानं, नेहमीच्या झाडणाऱ्यानं. आणि त्याला झाडायचंय काय? तर याच फाईलमधलं सामान. म्हणून तो फाईलच्या कुलपासाठी थांबलाय."

"म्हणजे हा त्याच्या दारात आणि तो याच्या दारात."

"बरोब्बर. आणि दुसरं दार मी बसवलंय." मग सुस्कारा टाकून म्हणाली, "कुलपांची भांडणं ओळखणारा एक राखणदार आत असतो, पण तो बघितलेल्या वाटेबद्दलच सांगू शकतो. या वाटेनं आजवर कुणी गेलंच नव्हतं."

मी म्हटलं, "मग मावशीचा नेम लाव की. आधी पोळपाट."

"इथं तो बसत नाही. कुणाची फाईल लागणार हे झाडणाऱ्याला आधी माहीतच नसतं. केरसुणी हातात घेतल्यावर कळतं." जरा वेळ नखं चावली तिनं. "पण झाडणाऱ्यानं वाट बघितलीच पाहिजे असं कुठंय? दार उघडं मिळालं तर झाड, नाहीतर पुढच्या दाराला जा."

"खरंय की. कचरा काय पळून जातोय? मागाहून ये म्हणावं."

लिहायच्या ओळी चारच निघाल्या. एवढ्याशा त्या चार ओळी, मला वाटलं होतं पानंच्या पानं लागतील. पण शनिवार-रविवार आम्हाला उसंत नव्हती. काडी लावायची, व्हिडिओ टाकायचे, पट्टी शेवटापर्यंत जातेय ना बघायचं, पुसायचं, पुन्हा टाकायचे. ते काम माझ्याकडं. वहीत एकेक रेघ मारत गेले. नातीचं बारसं किती वेळा आत-बाहेर केलं असेल! पट्टी रेंगाळायची, माझा जीव वरखाली व्हायचा, पण हळूहळू का होईना, पुढं जायची. एकदाही थांबली नाही.

रविवारी संध्याकाळी तिनं सगळं लिहून पाठवलं. अशा पत्राखाली चाचणी कुणी केली त्याचं नाव घालायची रीत आहे. तिनं माझं घातलं.

मी म्हटलं, "मग बंद कुणी केलं होतं तेही लिही."

"त्याला रकाना नाही, आई."

सोमवारी सकाळ गेली. त्या देखरेखवाल्या गृहस्थांकडची सकाळ म्हणजे आपली दुपार, हे मला तिनं दोनदा सांगितलं, म्हणजे स्वतःलाच सांगत असणार. डबा भरून लेक कामाला गेला. मी भाकऱ्यांचं पीठ मळून ठेवलं, पण ती खाली येईना, म्हणून तवा चढवला नाही. वर हाक मारायची नाही असं ठरवून मी लसूण सोलत बसले. गरजेपेक्षा बराच सोलला.

दोन वाजून गेले आणि जिन्यावर पावलं वाजली. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

"राहिला," म्हणाली.

"काय राहिला?"

"बदल. दोनच ओळी आल्यात. कारण पटलं, दुरुस्ती घेतली, बदल राहू दे."

मला वाटलं ती नाचेल, निदान माहेरी फोन करेल. ती आली आणि ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. डोळे मिटले. मी लसणाची सालं गोळा करायला घेतली.

मग डोळे उघडून म्हणाली, "आई, लई भूक लागलीय."

मी तवा चढवला. वांग्याची भाजी होती, ठेचा होता, सोललेल्या लसणाची चटणी केली. ती तिथंच पाट घेऊन बसली आणि तव्यावरची भाकरी ताटात पडेल तशी खात गेली. तिसरी संपल्यावर मी विचारलं, "आणखी टाकू?"

"टाका," ती म्हणाली.